गिटारचा विवर्धक घरच्या संगीताला चालेल का?

दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या महाविद्यालयातील अकरावीचा एक विद्यार्थी प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. त्याचे मामा बरीच वर्षे कॅलिफोर्नियात होते. परत येताना त्यांनी आपला गिटारचा व्हॉल्व्ह-विवर्धक सामानातून आणला होता. लोखंडी पेटी, दोन चॅनेल, आणि पाठीमागच्या जाळीतून दिसणाऱ्या चार मोठ्या काचेच्या नळ्या. घरी चांगल्यापैकी दोन स्पीकर आणि सीडी प्लेअर होताच. "सर, गिटार आता कोणीच वाजवत नाही. मग यावर आम्ही गाणी ऐकली तर? व्हॉल्व्हचा आवाज गोड असतो म्हणतात."

मी विचारलेला पहिला प्रश्न गोडव्याविषयी नव्हता. "भिंतीतल्या सॉकेटला जोडलास का रे तो?"

"नाही सर. त्याची पिनच आपल्याकडे बसत नाही."

त्या चपट्या पिनेने मोठेच काम केले होते. ते कोणते, हे पुढे येईलच. आधी त्याच्या प्रश्नाकडे वळू. 'चालेल' आणि 'चालणार नाही' ही दोन्ही उत्तरे इथे थोडी थोडी खरी आहेत, आणि त्यांच्या मधल्या जागेत भौतिकशास्त्राची बरीच प्रकरणे दाटीवाटीने बसलेली आहेत.

मूळ घराणे एकच

व्हॉल्व्ह म्हणजे निर्वात नळी. तिच्यातले ऋणाग्र तापले की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि धन दाबावर असलेल्या धनाग्राकडे धावतात. १९०४ साली फ्लेमिंग यांनी अशी दोन अग्रांची नळी बनवली. १९०६ साली ली डी फॉरेस्ट यांनी दोन अग्रांच्या मध्ये तारेची तिसरी जाळी, म्हणजे ग्रिड, बसवली. ग्रिडवरचा दाब किंचित बदलला की धनाग्राकडे जाणारा प्रवाह पुष्कळ बदलतो. धरणाचा दरवाजा एका हाताने फिरवून कालव्याचे पाणी कमीजास्त करावे, तसेच हे. विवर्धन म्हणतात ते एवढेच.

पुढे या नळ्यांचे दोन संसार झाले. इंग्लंडमध्ये डी. टी. एन. विल्यमसन यांनी १९४७ साली 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात दोन केटी६६ व्हॉल्व्ह वापरून एक विवर्धक प्रसिद्ध केला. मूळ आवाजाशी इमान राखणारा, म्हणजे 'हाय-फाय' विवर्धक कसा असावा याचा तो अनेक वर्षे नमुना होऊन राहिला. १९५३ च्या क्वाड-२ या प्रसिद्ध विवर्धकातही केटी६६ चीच जोडी होती. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी लिओ फेंडर गिटारवादकांसाठी विवर्धक बनवत होते. त्यांच्या 'बासमन' या विवर्धकाचे मंडल समोर ठेवून १९६२ साली लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानातल्या मंडळींनी 'जेटीएम४५' बनवला, आणि त्यातही लवकरच केटी६६ येऊन बसला! ईएल३४ आणि ईएल८४ या नळ्यांचेही तसेच. १९५९ च्या डायनॅको स्टीरिओ ७० या घरगुती विवर्धकात चार ईएल३४ होते, आणि मार्शलच्या पुढच्या विवर्धकांचा तोच मुख्य व्हॉल्व्ह ठरला.

म्हणजे नळी तीच, दाब तोच, वॅटही तेवढेच. मग फरक कुठे पडला?

जवारीचा दृष्टान्त

तंबोऱ्याची घोडी तुम्ही पाहिली असेल. तिचा माथा सपाटही नसतो आणि धारदारही नसतो. तो किंचित गोलसर घासलेला असतो, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून स्वर 'उघडतात'. मिरजेचे कारागीर यालाच जवारी काढणे म्हणतात. तार त्या माथ्यावर पुन्हा पुन्हा टेकते, म्हणून मूळ स्वराबरोबर अनेक अधिस्वर उमटतात आणि तो भरीव गुंजारव तयार होतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली याच विषयावर संशोधन-लेख लिहिला होता.

गिटारचा विवर्धक ही विजेच्या गिटारची जवारी आहे. त्या गिटारची नुसती तार ऐकली तर आवाज अगदी किरकोळ असतो. विवर्धकावर भार वाढवला की तरंगांचे माथे चेपले जातात. चेपलेला तरंग म्हणजे मूळ वारंवारतेत तिच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट वारंवारतेचे अधिस्वर मिसळणे. अभियंता याला 'विकृती' म्हणतो, वादक याला 'टोन' म्हणतो. १९६४ साली 'द किंक्स' या वाद्यवृंदाच्या डेव्ह डेव्हिस याने तर आपल्या छोट्या विवर्धकाच्या स्पीकरचा कागद पात्याने चिरला, आणि त्या फाटक्या आवाजाचे गाणे जगभर वाजले.

घरच्या विवर्धकाचे काम याच्या नेमके उलट. त्याने पोस्टमनसारखे वागावे. पत्र न फोडता, न चुरगाळता, पोचते करावे. तंबोऱ्याला जवारी हवी, पण रेडिओलाच जवारी काढली तर बातम्या देणाऱ्यालाही ती लागेल!

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. व्हॉल्व्ह दुप्पट वारंवारतेचा अधिस्वर निर्माण करतो, तो वरच्या सप्तकातला तोच स्वर असल्यामुळे आवाज गोड लागतो, असे सर्रास सांगितले जाते. सुरुवातीच्या एकेकट्या नळीबाबत ते बरेचसे खरे आहे. परंतु मोठ्या विवर्धकाच्या शेवटच्या टप्प्यात नळ्यांची जोडी 'ढकल-ओढ' पद्धतीने लावलेली असते. एक नळी ढकलते तेव्हा दुसरी ओढते, आणि या मांडणीत दुप्पट, चौपट असे सम अधिस्वर एकमेकांना मारतात. उरतात ते मुख्यतः तिप्पट आणि पाचपट. तेव्हा आमच्या विद्यार्थ्याने ऐकलेला 'गोडवा' इतका सरळ मामला नाही.

चूक परत पाठवण्याची युक्ती

२ ऑगस्ट १९२७ रोजी हॅरल्ड ब्लॅक हे बेल प्रयोगशाळेतील तरुण अभियंते हडसन नदीवरच्या फेरीबोटीने कामावर निघाले होते. टेलिफोनच्या विवर्धकांतली विकृती कशी घालवावी, या चिंतेत ते कित्येक वर्षे होते. बोटीतच त्यांना उत्तर सुचले आणि ते त्यांनी हातातल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पानावर लिहून काढले. विवर्धकातून बाहेर येणाऱ्या संकेताचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत द्यायचा. यालाच ऋण प्रतिसंभरण किंवा ऋण फीडबॅक म्हणतात.

हिशेब करून पाहू. विवर्धक संकेत १०० पट मोठा करतो आणि बाहेरचा ०.०९ भाग आपण उलटा आत देतो. तर एकूण विवर्धन १०० ÷ (१ + १०० × ०.०९), म्हणजे १०० ÷ १०, म्हणजे १० पट. नव्वद पटींचे नुकसान! पण आता नळी जुनी होऊन १०० चे ८० झाले, तर? ८० ÷ (१ + ७.२) = ९.७६. मूळ विवर्धन २० टक्क्यांनी घसरले, तरी बाहेर फरक अडीच टक्क्यांहूनही कमी. विकृतीही याच प्रमाणात, म्हणजे सुमारे दहाव्या हिश्शावर येते. विल्यमसन यांनी हेच केले. त्यांच्या विवर्धकात २० डेसिबल, म्हणजे दहा पट, प्रतिसंभरण होते.

गिटारच्या विवर्धकात प्रतिसंभरण बेताचेच ठेवतात. १९६० च्या दशकात नाव कमावलेल्या व्हॉक्स एसी३० च्या शक्ति-टप्प्यात तर ते मुळीच नाही. कारण प्रतिसंभरण भरपूर असेल तर मर्यादेपर्यंत आवाज स्वच्छ राहतो आणि मर्यादा ओलांडताच एकदम कर्कश फाटतो. कमी असेल तर तो हळूहळू, गोलाई घेत फाटतो. वादकाला हवे असते ते हेच.

त्यातही 'प्रेझेन्स' नावाची एक कळ असते. ती फिरवली की वरच्या वारंवारतांचे प्रतिसंभरण कमी होते आणि तेवढा भाग जास्त मोठा ऐकू येतो. घरगुती वापरात ही कळ शून्यावरच हवी.

स्पीकर आठ ओहमचा नसतो

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सावकाश वाचा. स्पीकरच्या पाठीवर '८ ओहम' छापलेले असते, ते सरासरीसारखे समजावे. स्पीकरचा संरोध वारंवारतेप्रमाणे बदलतो. त्याचा पडदा ज्या वारंवारतेला अनुस्पंदन पावतो तिथे तो ३० ओहमपर्यंत चढू शकतो, तर इतरत्र ६ ओहमपर्यंत उतरतो.

विवर्धकालाही स्वतःचा अंतर्गत रोध असतो, विद्युत्‌घटाला असतो तसाच. अंतर्गत रोध r आणि स्पीकरचा संरोध Z ओहम असेल, तर स्पीकरला मिळणारा दाब एकूण दाबाच्या Z ÷ (Z + r) इतका. (संरोधाची कला इथे आपण सोडून दिली आहे.)

चांगल्या घरगुती व्हॉल्व्ह-विवर्धकात r अर्धा ओहम धरू. Z = ६ असताना स्पीकरला ०.९२ भाग मिळतो, Z = ३० असताना ०.९८. फरक नगण्य. आता प्रतिसंभरण नसलेला, पेंटोड नळ्यांचा विवर्धक घ्या. त्याचा r स्पीकरच्या कितीतरी पट असतो. ४० ओहम धरू. Z = ६ ला मिळतो ०.१३ भाग, Z = ३० ला ०.४३. म्हणजे अनुस्पंदनाच्या स्वराला सव्वातीन पट दाब! तबल्यावरचा बायाँ प्रत्येक गाण्यात एकाच जागी घुमतो आहे, असे वाटेल. शिवाय पडदा एकदा हलला की त्याला आवरणारा लगामही सैल पडतो, कारण हलणाऱ्या वेटोळ्यात निर्माण होणारा प्रवाह मोठ्या अंतर्गत रोधामुळे वाहूच शकत नाही.

गिटारच्या पेटीत हीच घुमारी शोभते. त्या पेटीतला बारा इंची स्पीकर ५००० हर्ट्झच्या पुढे झपाट्याने मंदावतो, त्यामुळे फाटलेल्या आवाजातले बोचरे अधिस्वर तो आपोआप गाळून टाकतो. घरच्या स्पीकरमधला ट्वीटर मात्र ते सगळे इमाने इतबारे ऐकवतो, आणि जास्त झाले तर जळूनही जातो.

लोखंडाची किंमत

नळ्यांना काही हजार ओहमचा भार लागतो आणि स्पीकर असतो आठ ओहमचा. दोघांचे जुळवून देणारा मध्यस्थ म्हणजे बाहेरचे रोहित्र. ईएल३४ च्या जोडीला सुमारे ३४०० ओहम हवे असतात. संरोधाचे गुणोत्तर फेऱ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाइतके असते. ३४०० ÷ ८ = ४२५, आणि त्याचे वर्गमूळ २०.६. म्हणून प्राथमिक वेटोळ्याचे फेरे दुय्यमच्या साधारण एकवीस पट.

गिटारचा सर्वांत खालचा स्वर ८२.४ हर्ट्झचा असतो. आपला कान मात्र २० हर्ट्झपर्यंत ऐकतो. ठरावीक दाबाला रोहित्राच्या गाभ्यातील चुंबकीय फ्लक्स वारंवारतेच्या व्यस्त प्रमाणात असतो. ८० हर्ट्झला जेवढा फ्लक्स, त्याच्या चौपट २० हर्ट्झला! लोखंड कमी असेल तर ते संपृक्त होते आणि खर्जाचा चुराडा होतो. यावर उपाय म्हणजे मोठा गाभा आणि जास्त फेरे. पण फेरे वाढले की त्यांच्यातली धारकता आणि गळती वाढून वरच्या वारंवारता अडतात, म्हणून वेटोळी अनेक थरांत एकाआड एक गुंडाळावी लागतात. विल्यमसन यांच्या रोहित्राचे मर्म याच गुंडाळणीत होते. गिटारवाल्याला ना खर्जाची फिकीर, ना १०,००० हर्ट्झच्या वरची. मग तो लोखंडावर पैसे कशाला घालील? त्याला पेटी खांद्यावरून न्यायची असते, हेही आहेच.

टप्प्याटप्प्यांमधल्या धारित्रांचीही हीच कथा. ०.०२२ मायक्रोफॅराडचे धारित्र आणि २ लाख २० हजार ओहमचा रोध यांची जोडी ३३ हर्ट्झच्या खाली संकेत अडवू लागते. धारित्र ०.२२ चे केले तर ती सीमा ३.३ हर्ट्झवर जाते. १ ÷ (२πRC) या सूत्रात किमती घालून तुम्ही स्वतः पडताळून पाहा.

आता जोडणीकडे

एवढे ऐकून आमच्या विद्यार्थ्याचे तोंड उतरले होते. पण त्याच्या मामांचा विवर्धक नुसता शक्ति-टप्प्याचा होता, ही जमेची बाजू. गिटारची तार लावायचे तोंड असलेल्या विवर्धकात पुढे एक पूर्व-टप्पा असतो. तो काही दशांश व्होल्टसुद्धा न भरणाऱ्या संकेतासाठी बांधलेला असतो, आणि सीडी प्लेअर देतो जवळजवळ २ व्होल्ट! शिवाय त्यातल्या स्वरनियंत्रणाच्या कळा मध्यावर ठेवल्या तरी मधल्या वारंवारता खाली दाबतात. मागे 'रिटर्न' नावाचे तोंड असेल तर तिथून हा टप्पा वगळून थेट शिरता येते. ते नसेल, तर घरच्या संगीतासाठी त्या विवर्धकाचा नाद सोडावा हे बरे.

आता ती पिन. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असते. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तो विवर्धक सरळ लावला असता तर आतल्या प्रत्येक दाबाची जवळजवळ दुप्पट झाली असती. फ्यूज वेळेवर उडाला तर ठीक, नाही तर धारित्रे फुटली असती. दाब निम्मा करणारे रोहित्र मध्ये घातले, तरी ५० हर्ट्झला गाभ्यातला फ्लक्स ६० ÷ ५०, म्हणजे १.२ पट राहतो. नियम तोच, मघाचाच. म्हणून विवर्धकाच्या पाठीवर '५०' हा आकडा छापलेला आहे की नाही, हे आधी पाहावे. याच्यावर तो होता.

दुसरा धोका माझ्या चांगला लक्षात आहे. एम.एस्सी.ला असताना स्नेहसंमेलनात आम्ही एक जुना व्हॉल्व्हचा विवर्धक लावला होता. कुणाच्या तरी पायात अडकून स्पीकरची तार निघाली. आवाज बंद झाला म्हणून मी शहाण्याने कळ पूर्ण फिरवली. तडतड झाली, नळीच्या बैठकीत निळी ठिणगी दिसली आणि जळक्या व्हार्निशचा वास सभागृहभर पसरला. बाहेरचे रोहित्र गेले होते. ते पुन्हा गुंडाळून घेण्यात आमची दोन महिन्यांची चहा-भजी गेली.

असे का झाले? पेंटोड नळी आपला प्रवाह बराचसा ग्रिडच्या हुकमाने ठरवते, समोर भार किती आहे याची ती फारशी पर्वा करत नाही. ३४०० ओहमवर ०.१ अँपिअरचा बदल झाला तर दाबात ३४० व्होल्टचा बदल होतो. स्पीकर सुटला की दुय्यम वेटोळे उघडे पडते आणि प्राथमिक बाजूचा संरोध अनेक पटींनी वाढतो. तो दहा पट धरला तरी तोच प्रवाह ३४०० व्होल्ट मागतो. मग विद्युत्‌रोधक फाटतो किंवा ठिणगी उडते. ट्रान्झिस्टरच्या विवर्धकाला भीती असते तारा एकमेकींना चिकटण्याची, व्हॉल्व्हच्या विवर्धकाला तारा सुटण्याची. ट्रान्झिस्टरवर वाढलेल्या माणसाची सवय इथे नेमकी उलटी पडते.

आणि झाकण उघडू नका. आत ४०० ते ५०० व्होल्ट असतात, आणि बटण बंद केल्यावरही धारित्रांत ते बराच वेळ साठून राहतात. हे काम जाणत्या माणसाचे.

आम्ही काय मोजले

शनिवारी दुपारी विवर्धक प्रयोगशाळेत आला. दाब कमी करणारे रोहित्र लावले, स्पीकरऐवजी मोठ्या वॅटचा ८ ओहमचा रोध जोडला, 'प्रेझेन्स' शून्यावर ठेवली आणि दोलकातून ४०० हर्ट्झचा संकेत दिला. बाहेर बरोबर २.०० व्होल्ट येतील अशी कळ लावली. मग विवर्धक बंद केला, ८ च्या जागी १६ ओहमचा रोध जोडला आणि बाकी कशालाही हात न लावता पुन्हा मोजले. २.४० व्होल्ट आले. भार पूर्ण काढून मोजायचे नाही, हे मघाच सांगितले आहे.

या दोन आकड्यांवरून अंतर्गत रोध निघतो. २.४० ÷ २.०० = २(८ + r) ÷ (१६ + r). सोडवले की r = ४ ओहम. अर्ध्या ओहमच्या मानाने पुष्कळ, चाळिसाच्या मानाने थोडा. आपल्या ६ आणि ३० ओहमच्या स्पीकरला तो ०.६० आणि ०.८८ भाग देईल, म्हणजे अनुस्पंदनाच्या जागी जवळजवळ दीडपट दाब.

मग त्याच्या घरचे स्पीकर लावले आणि बासरीची एक सीडी वाजवली. बासरी सुरेख वाजली, हे मान्य केले पाहिजे. तबला सुरू झाला तसा बायाँ अंमळ फुगलेला वाटला, आणि दोन गाण्यांच्या मध्ये शांततेत १०० हर्ट्झची बारीक गुणगुण ऐकू येत होती. गिटारवादक रंगमंचावर असल्यामुळे त्याला ती कधी जाणवली नसावी. आमचा विद्यार्थी मात्र बायाँवर खूश होता. "सर, मला हाच आवाज आवडला," तो म्हणाला. मी त्याला दोलक आणि व्होल्टमापक आठवडाभरासाठी दिले आहेत. त्याचे स्पीकर नेमक्या कोणत्या वारंवारतेला अनुस्पंदन पावतात, ते २० पासून २०० हर्ट्झपर्यंत पाच-पाच हर्ट्झच्या अंतराने मोजून त्याने आलेख काढून आणायचा आहे.